वाचकांचे प्रश्न : तेच पुस्तक, तोच सिनेमा, पुन्हा कशासाठी?

या अंकासाठी पुन्हा वाचणं आणि पुन्हा पाहणं याबद्दलची पत्रं निवडली आहेत. ‘फॅन्ड्री’ पाहिला नसेल त्यांनी तिसरं उत्तर तूर्त ओलांडावं; त्यात शेवट सांगितला आहे.

प्रश्न : विसाव्या वर्षी ‘कोसला’ झपाटल्यासारखी वाचली होती. आता पन्नाशीत परत काढली, तर साठाव्या पानाशीच कंटाळा आला. पुस्तक शिळं झालं की मी? पुढे रेटू का? (सांगली)

रेटू नका आणि बंदही करू नका. जागा बदला.

भालचंद्र नेमाडेंची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली आली. तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, आणि गोष्ट सांगणारा पांडुरंग सांगवीकरही पंचविशीतला. विशीतला वाचक त्याच्याच डोळ्यांनी सगळं पाहतो. होस्टेल, मेस, मित्र, उधळलेले पैसे हे त्याला आपलंच वाटतं. पन्नाशीत नेमकी हीच पानं लांबतात, कारण त्या वयाची ओढ आता आपल्यात नसते आणि अजून काही शोधायला आपण तिथे गेलेलो नसतो. ती पानं सोडून सरळ पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूच्या भागावर जा. तो वाचून झाला की मागे येऊन वडिलांचा उल्लेख असलेली प्रत्येक जागा पाहा. वडिलांची बाजू पांडुरंग धडपणे मांडतच नाही, ती आपल्याला लावून घ्यावी लागते. विशीत ते कुणी करत नाही. पन्नाशीत, घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर, ते आपोआप होतं.

हे इतर पुस्तकांनाही लागू आहे. जुनं पुस्तक उघडण्याआधी त्यातलं काय आठवतं ते दहा ओळींत लिहून काढा : कोण काय करतं, शेवट काय, कुठलं वाक्य डोक्यात राहिलं. मग वाचा, आणि संपल्यावर तो कागद काढून ताडून बघा. कागदावर नसलेली पात्रं, उलटा आठवलेला क्रम, तुम्ही मनानेच घातलेला एखादा प्रसंग, पुन्हा वाचण्याची खरी कमाई यातच असते. कागद नसेल तर वाचता वाचता ‘हे माहीतच होतं’ असं वाटत राहतं आणि काय हुकलं होतं ते कळायला मार्ग उरत नाही.

दुसरी अडचण वेगाची. ओळखीचा मजकूर दिसला की डोळे ओळी गाळतात, आणि आपण वाचलं असं समजून पान उलटतो. तसं होऊ लागलं की दोन पानं मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचताना ओळ गाळता येत नाही. एवढं करूनही रस वाटला नाही, तर पुस्तक खुशाल कपाटात जाऊ द्या.

प्रश्न : एमपीएससीची तयारी करतो आहे. इतिहासाचं पुस्तक चार वेळा वाचून झालं, पेपरात मात्र आठवत नाही. पाचव्यांदा वाचू का? (लातूर)

नको. पुन्हा वाचणं हा अभ्यासाचा सगळ्यांत लोकप्रिय आणि बराच कमकुवत मार्ग आहे.

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तसा लिहून काढला. ५ मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के, लिहिणाऱ्यांचे ७५. आठवड्याने विचारलं तर वाचणारे ४२ टक्क्यांवर घसरलेले आणि लिहिणारे ५६ वर. तुमची फसगत इथेच होते आहे. वाचून उठल्यावर सगळं येतं असं वाटतं, आणि त्या घडीला ते खरंही असतं. परीक्षा मात्र त्या घडीला नसते.

वीसेक पानांचं प्रकरण घ्या. एकदा वाचा, हायलायटर न वापरता. रंगवलेलं पान ओळखीचं दिसतं, आणि ओळख म्हणजे आठवण नव्हे. पुस्तक मिटून १० मिनिटं कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून जे सुटलं किंवा चुकलं तेवढंच लाल शाईने भरा. पुढे उद्या, आठवड्याने आणि महिन्याने कोऱ्या कागदापासूनच सुरुवात करायची, पुस्तक नंतर उघडायचं. हे दिवस दोन-चारने पुढेमागे झाले तरी चालतील, पण चारही फेऱ्या एकाच दिवशी उरकल्या तर फायदा निघून जातो. पहिल्या वाचनात एखादी गोष्ट कळलीच नसेल, तेवढी जागा मात्र पुन्हा वाचावीच लागते. जे समजलंच नाही ते आठवणार कुठून?

प्रश्न : गंभीर सिनेमा एकदा पाहिला की विषय संपतो, असं मला वाटतं. नवरा म्हणतो, दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय सिनेमा कळत नाही. कोण बरोबर? (नाशिक)

सिनेमावर अवलंबून आहे. तरी तुमचे यजमान थोडे अधिक बरोबर.

नागराज मंजुळेंचा ‘फॅन्ड्री’ घ्या. पहिल्यांदा पाहताना आपण जब्या या शाळकरी पोराच्या मागे असतो : काळी चिमणी मिळेल का, त्याला आवडणारी शालू वळून बघेल का, डुक्कर पकडताना वर्गातल्या पोरांनी पाहिलं तर काय होईल. शेवटी त्याने भिरकावलेला दगड कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावरच येतो आणि आपण सुन्न होऊन उठतो. दुसऱ्यांदा पाहताना किशोर कदमांनी केलेल्या बापावर लक्ष ठेवा. पोरीच्या लग्नाचा खर्च समोर आहे, म्हणून डुक्कर पकडण्याचं काम नाकारायची सोय त्याला नाही. जब्याला तो का हाकतो, गावातल्यांपुढे का वाकतो, हे तेव्हा दिसतं. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटतं. पहिल्यांदा इथे प्रेक्षागृह हसतं. शेवट माहीत असताना ते हसू अर्ध्यावर अडकतं. डुक्कर वाहून नेताना मागच्या भिंतीवर डॉ. आंबेडकरांचं चित्र आहे. पहिल्या वेळी अनेकांची नजर डुकरावरच असते.

चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’ची तऱ्हा वेगळी. तिथे कॅमेरा बराच वेळ हलत नाही, चौकट रुंद असते, आणि बोलणारा माणूस त्या चौकटीतला एक लहानसा भाग असतो. दुसऱ्यांदा पाहताना बोलणाऱ्याकडे बघूच नका. मागच्या बाकांवर कोण बसलंय, कोण कशाची वाट बघतंय, ते पाहा.

ज्या सिनेमाचं सगळं भांडवल शेवटच्या दहा मिनिटांतल्या धक्क्यावर आहे, तो मात्र दुसऱ्या खेपेला बहुधा पोकळ निघतो. पारख सोपी आहे. सिनेमा संपल्या संपल्या पहिली १० मिनिटं परत लावा. त्यात नवीन काही सापडलं तर महिन्या-दोन महिन्यांनी पूर्ण पाहा. काहीच सापडलं नाही, तर तुमचं म्हणणं खरं.

प्रश्न : ‘अशी ही बनवाबनवी’ आमच्याकडे दर सुट्टीत लागतो. संवाद पोरांनाही पाठ आहेत, तरी हसू येतं. असं का? (डोंबिवली)

कारण १९८८ च्या या सिनेमाने आपल्यापासून फारसं काही लपवलेलंच नाही. भाड्याच्या खोलीसाठी दोघं बायकांच्या वेषात आलेत हे घरमालकिणीला ठाऊक नाही, आपल्याला आहे. हसू येतं ते ‘आता पकडले जाणार’ या ताणातून, आणि तो ताण शेवट माहीत असला तरी टिकतो. प्रेक्षकाला चकवून हसवणारा विनोद दोन-तीनदा पाहिला की विरतो. प्रेक्षकाला कटात सामील करून घेणारा वर्षानुवर्षं चालतो. शिवाय संवाद पाठ असला की आपण तो नटाच्या अर्धा क्षण आधी मनात म्हणतो आणि त्याची वेळ जुळली की खूश होतो. गाण्यातल्या समेची मजा वेगळी काय असते?

बरं वाटावं म्हणून तोच सिनेमा लावणं यात गैर काहीच नाही. फक्त त्याला रसग्रहणाचं नाव देऊ नये.

प्रश्न : नव्या मोठ्या टीव्हीवर जुने आवडते सिनेमे लावले, तर माणसं फुगीर दिसतात आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत वाटतं. (पणजी)

हे दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्ही टीव्हीच्या सेटिंगमधले.

प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’सारख्या जुन्या सिनेमांची चौकट साधारण ४:३ ची (रुंदी चार तर उंची तीन) असते, टीव्ही १६:९ चा. ‘फुल’ किंवा ‘स्ट्रेच’ असेल तर चित्र आडवं एक तृतीयांशाने ताणलं जातं, म्हणून चेहरे फुगतात. ‘झूम’ केलं तर ताण जातो, पण चित्राची एक चतुर्थांश उंची कापली जाते, म्हणजे डोकी तरी जातात नाहीतर पाय. ‘ओरिजिनल’ किंवा ‘४:३’ निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील ते येऊ द्या, तिथे दाखवण्यासारखं काही कधी नव्हतंच.

गुळगुळीतपणा येतो तो दोन चित्रांच्या मधली चित्रं (फ्रेम) टीव्ही स्वतः बनवून घालतो म्हणून. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात. एलजीवर ‘ट्रूमोशन’, सोनीवर ‘मोशनफ्लो’, सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ या नावाची सोय शोधून बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावला की हे काम एका बटणात होतं.

तुम्हाला दाखवला जाणारा सिनेमा पूर्ण आहे का, हेही तपासता येतं. फिल्मवर काढलेल्या सिनेमांच्या सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी बहुधा मीटरमध्ये असते. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते, म्हणून त्या आकड्याला २७.४ ने भागा. ४,००० मीटर म्हणजे साधारण १४६ मिनिटं. हातातली प्रत १२५ मिनिटांत संपत असेल, तर दोन-तीन गाणी किंवा एखादा उपकथाभाग उडवलेला असणार. मात्र १४० मिनिटं भरली तर घाबरू नका. आपल्याकडच्या काही जुन्या डीव्हीडींवर सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमच्या वेगाने सिनेमा चढवलेला असतो, त्यामुळे तो ४ टक्के लवकर संपतो. अशा काही डिस्कवर गाण्याची पट्टीही अर्धस्वराच्या जवळजवळ पाऊण भागाने वर जाते. पेटी घेऊन बसणाऱ्यांना ते लगेच जाणवतं.

प्रश्न : आजी दर श्रावणात ज्ञानेश्वरीचं सात दिवसांचं पारायण करते. इतक्या वेळा तेच वाचून नवं काय मिळतं? (पंढरपूर)

सुमारे ९ हजार ओव्या ७ दिवसांत म्हणजे रोज जवळजवळ १,३००. मिनिटाला ६ ओव्या म्हटल्या तरी रोज साडेतीन तास होतात. या गतीत एकेका ओवीवर विचार करणं शक्य नाही आणि पारायणाचा तो हेतूही नसतो. तिथे नेम, नाद आणि जिभेवर रुळलेली ओवी यांना मोल आहे. पण वर्षानुवर्षं म्हटलेली ओवी दुसऱ्याच एखाद्या कामात असताना अचानक उमगते, आणि त्यासाठी ती आधी तोंडात असावी लागते. अर्थासाठी वाचायचं असेल तर सार्थ (ओवीखाली अर्थ दिलेली) प्रत घेऊन रोज १० ओव्या वाचा, अडीच वर्षांत ग्रंथ पुरा होईल. अठरावा अध्याय एकटाच अठराशेवर ओव्यांचा आहे, तिथे धीर सुटतो. आजींना सोबत घ्या. पुढची ओवी त्यांना पाठ असेल.

प्रश्न : वर्षभराच्या वाचनयादीत पुन्हा वाचलेलं पुस्तक धरायचं का? (ठाणे)

धरा. रोज २५ पानं म्हणजे वर्षाला ९,१२५ पानं, २५० पानी ३६ पुस्तकं. त्यातली ९ जुनी असली तरी २७ नवी उरतात. आकडा फुगवण्यासाठी पातळ पुस्तकं निवडण्यापेक्षा हे बरं.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची. रोज झोपताना तेच एक चित्रपुस्तक लागतं. बदलू का? (कोल्हापूर)

बदलू नका. तीन वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात (२०११) नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकणाऱ्यांपेक्षा त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या मुलांनी ते शब्द चांगले उचलले. तुम्ही वाचण्याची रीत तेवढी बदला. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबा, तो ती भरेल. मग ‘हा का रडतोय?’ असं एकच काहीतरी विचारा. एका बैठकीत पाच प्रश्न विचारलेत तर गोष्टीची तोंडी परीक्षा होते आणि पुस्तक भिरकावलं जातं. दुसरं पुस्तक शेजारी ठेवून द्या, ती स्वतःच उचलेल.

प्रश्न : वारंवार वाचल्यामुळे एका आवडत्या कादंबरीची पानं सुटली आहेत. सेलोटेप लावू का? (अकोला)

अजिबात नको. काही वर्षांत टेप पिवळी पडते, तिचा डिंक कागदात मुरतो आणि अक्षरांसकट डाग राहतो. पान अख्खं सुटलं असेल तर त्याच्या आतल्या कडेला २ ते ३ मिलिमीटर रुंदीचा पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्या, पान कण्यापर्यंत सरकवा, दोन्ही बाजूंना बटर पेपर घाला आणि वर वजन ठेवून रात्रभर राहू द्या. गोंद जास्त झाला तर शेजारचं पान चिकटतं, बहुतेक पुस्तकं तिथेच बिघडतात. फाटलेल्या पानाला पातळ टिश्यू कागद आणि गव्हाची पातळ खळ चालते. खळ जाड ठेवू नका, तिला झुरळं येतात. आठ-दहाहून जास्त पानं सुटली असतील तर घरी उद्योग न करता बाइंडरकडे द्या आणि शिवून मागा. निव्वळ चिकटवलेलं पुस्तक पुढच्या वाचनात पुन्हा सुटेल. पानं पिवळी पडून कडकडीत झाली असतील तर कणा शिवणही सोसणार नाही. अशी प्रत पूर्ण न उघडता जपून ठेवा, आणि वाचायला नवी आवृत्ती घ्या.