तरंगायला पोहता यावं लागत नाही

प्रश्न : ताई, मी ४३ वर्षांची आहे. हिशेबाचं काम करते, दिवसभर स्क्रीनसमोर. रात्री पाठ टेकली की डोक्यात आकडे सुरू होतात. मैत्रीण म्हणते, फ्लोट टँकमध्ये तासभर पडून ये. अंधाऱ्या टाकीत मिठाच्या पाण्यावर तरंगायचं, उजेड नाही, आवाज नाही. पण मला लिफ्टमध्येसुद्धा गुदमरतं. पोहता येत नाही. शिवाय अशा प्रयोगांत माणसांना भास झाले होते, असंही वाचलंय. जाऊ का?

उत्तर : जा. पोहण्याची भीती आधी मिटवते, कारण ती सगळ्यात लवकर मिटेल. टाकीत पाणी असतं वीतभराहून थोडं जास्त, २५ ते ३० सेंटिमीटर. त्यात ४०० ते ५०० किलो एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, विरघळवलेलं असतं. त्यामुळे ते साध्या पाण्यापेक्षा जवळजवळ पाव पट जड होतं. आपलं शरीर साधारण साध्या पाण्याइतक्याच घनतेचं, म्हणून त्याचा पाचवा हिस्सा पाण्याबाहेर राहतोच, तुम्ही काही करा किंवा करू नका. चेहरा, छाती, गुडघे, पायाची बोटं वर. डोळा लागला तरी काळजी नाही. त्या पाण्यात झोपेत पालथं होणं सोपं नसतं.

लिफ्टची गोष्ट वेगळी. लिफ्टचं दार तुमच्या हातात नसतं, टाकीचं असतं. झाकणाला कडी-कुलूप नसतं, ते आतून एका हाताने ढकललं की उघडतं. दिव्याचं बटण बहुतेक टाक्यांत हाताशी असतं. वेळ ठरवण्याआधी नुसतं बघायला जा, झाकण दहा वेळा उघडबंद करा. पहिल्या दिवशी झाकण उघडं आणि दिवा चालू ठेवून पडलात तरी पाणी तेच आहे आणि तरंगणंही तेच. काही ठिकाणी झाकणाची टाकी नसतेच, उंच छताच्या छोट्या खोलीसारखी जागा असते. तुम्ही तीच मागा.

भासांचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण ते बहुधा दुसऱ्याच प्रयोगांबद्दल असावं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना दिवसाला २० डॉलर देऊन एका खोलीत पडून राहायला सांगितलं होतं. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांवर पुठ्ठ्याची नळकांडी, कानाशी एकसुरी घरघर. बरेच जण दोन-तीन दिवसांतच कंटाळून उठले, आणि काहींना खरोखर चित्रं दिसू लागली. तरंगण्याची टाकी त्यानंतरची. १९५४ साली अमेरिकेत जॉन लिली या डॉक्टरांनी ती बनवली. बाहेरून काहीच आलं नाही तर मेंदू झोपी जातो का, हे त्यांना बघायचं होतं. मेंदू झोपी गेला नाही, आणि मुख्य म्हणजे त्यांना आत राहणं आवडलं. पुढे १९७० च्या दशकात ग्लेन आणि ली पेरी या दांपत्याने लोकांसाठी टाक्या बनवायला घेतल्या आणि कंपनीचं नाव ठेवलं ‘समाधी’. आपल्या कानाला त्या शब्दात दगडी चौथराही ऐकू येतो, म्हणून सांगते : त्यांना ध्यानातली समाधी म्हणायची होती. तुमचा मामला दिवसांचा नाही, तासाचा आहे. तासाभरात फार तर मिटल्या डोळ्यांपुढे रंगांचे ठिपके सरकतील. आपण गोल फिरतोय असंही वाटेल. बोटांनी टाकीची कड शिवा, थांबतं.

हे सगळं झालं तरी तुमचं खरं काम मानेपाशी आहे, आणि तेवढं कोणी आधी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी गेली एकोणीस वर्षं एका हेल्पलाइनवर फोन घेते. फोन उजव्या कानाशी, त्यामुळे उजवा खांदा वर चढलेला, तो झोपेतही उतरत नाही. पहिल्यांदा टाकीत गेले तेव्हा पाण्याने मला उचलून धरलं, पाय आपोआप वर आले, हात लांब गेले, आणि डोकं मात्र मी स्वतःच धरून ठेवलं. पाण्यावर डोकं टेकलेलं दिसत होतं, पण आत मानेचे दोन्ही दोर ताणलेले. मला ते कळलंही नाही. बाहेर आले तर मान अवघडलेली. तिथल्या मुलीने मला उभ्यानेच दाखवलं : दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून कवटीच्या खालच्या खोबणीत ठेवायची आणि डोक्याचं वजन हातांत सोडायचं. हाताला वजन लागलं तर डोकं सुटलं. नाही लागलं तर अजून मान धरतेय.

दुसऱ्या वेळी मी तेवढंच केलं. बराच वेळ हाताला काही लागेना. मग एका श्वासाबरोबर कलिंगडासारखं जड डोकं ओंजळीत येऊन पडलं. इतकं जड डोकं मी दिवसभर वागवते, हे मला तेव्हा कळलं. हात हळूच काढून घेतले, पाणी कानांवरून गालाच्या कडेपर्यंत आलं आणि तिथं थांबलं. पुढे उजवा खांदा खाली गेला. मी नेला नाही, तो गेला. मग ऐकू यायला लागलं ते माझंच : छातीतली धडधड, आणि जबडा सैल सोडताना कानाजवळ झालेली बारीक टकटक. पाणी त्वचेच्या तापमानाचं, ३४-३५ अंशांचं असतं, म्हणून थोड्या वेळाने पाणी कुठं संपतं आणि आपण कुठं सुरू होतो ते कळेनासं होतं. पण हे मानेनंतर. मान धरलेली असली तर शरीराच्या एका टोकाला कोणीतरी पहारा देत उभंच असतं.

हे तुम्ही घरी आजच करून बघू शकता. गादीवर उताणं पडा, हात कवटीखाली घ्या, वजन लागतं का बघा. नाही लागलं तर टाकीत जाण्याआधी आठवडाभर रोज रात्री एवढंच करा. मानेचं दुखणं असेल तर टाकीत मानेखाली घ्यायचं तरंगतं वळं मागून घ्या.

आकडे थांबतील का? पहिली वीस मिनिटं ते जास्तच येतील, कारण त्यांना अडवायला दुसरं काही नसेल. येऊ द्या, उत्तर काढू नका. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा इथल्या मेंदूसंशोधन संस्थेत चिंतेचे आणि ताणाचे आजार असलेल्या ५० जणांना तासभर तरंगवलं, तेव्हा त्यांची त्या वेळची चिंता स्पष्ट उतरली होती. मात्र तुलनेसाठी दुसरा उपचार दिलेला गट त्यात नव्हता. म्हणून तासाभराच्या विसाव्याची आशा धरा. झोप परत आणण्याचं काम टाकीवर सोपवू नका. झोपेची तक्रार महिनोन् महिने असेल तर डॉक्टरांकडे जायचंच आहे, टाकी असो वा नसो.

प्रश्न : मी एकदा जाऊन आलो, ७५ मिनिटं. डोळ्यात पाणी गेलं, पिंढरीला आग होत होती, मग नुसता कंटाळा. लोक म्हणतात आतून बदलून आलो. मला बाहेर आल्यावर चिडचिड झाली. माझं काय चुकलं?

उत्तर : चूक तुमची नाही, तयारी करून घ्यायला हवी होती आणि ती कोणी घेतली नाही. पिंढरीला खरचटलं असेल. एवढ्या खारट पाण्यात बारीकशी जखमही पेटते. आदल्या दिवसापासून दाढी करू नका, खरचटल्यावर आधी व्हॅसलिन लावा. कानात मेणाचे बोळे घाला. आत गेल्यावर ओला हात चेहऱ्याकडे न्यायचा नाही, नाक खाजलं तरी. कोरडा टॉवेल आणि साध्या पाण्याची फवाऱ्याची बाटली हाताशी टांगून ठेवायला सांगा. डोळ्यात गेलं की उठून बसायचं, फवारा मारायचा, टिपायचं, परत पडायचं. भरल्या पोटी नको, रिकाम्या पोटीही नको, आणि आधीचे दोन-तीन तास चहा-कॉफी टाळा.

आता कंटाळा. तुम्ही बदलाची वाट बघत पडला होतात. वाट बघणारा माणूस सैल पडत नाही, त्याचे कान दाराकडे असतात. हे मी फोनवर रोज ऐकते : ‘सांगा ना, मला कधी बरं वाटेल’ असं विचारणाऱ्याचा आवाज घशात वर चढलेला असतो. मलाही तिसऱ्या वेळेपर्यंत काही मोठं झालं नाही. तिसऱ्या वेळी एवढंच झालं की संगीत सुरू करून वेळ संपल्याचं सांगितलं आणि मला ते आधी आठवणीतलं वाटलं, बाहेरचं वाटलं नाही. घरी आल्यावर एका बाईंचा फोन घेतला, त्या चाळीस मिनिटं रडल्या आणि मी त्यांना एकदाही मधे थांबवलं नाही. एरवी मी घाईने धीर देते.

ज्या दिवशी पुढे काही काम नाही त्या दिवशी आणखी एकदा जा, ७५ ऐवजी ६० मिनिटं घ्या. तेव्हाही नकोसं वाटलं तर सोडून द्या. विसाव्याचे रस्ते खूप आहेत आणि हा सगळ्यांना मानवतोच असं नाही.

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे आहेत. कंबरदुखी जुनी. माहितीपत्रकात लिहिलंय की मॅग्नेशियम त्वचेतून शरीरात जातं आणि दुखणं मुळापासून जातं. नेऊ का त्यांना?

उत्तर : ‘मुळापासून’ हा शब्द खोडून टाका. मीठ तिथं तरंगवण्यासाठी असतं. त्वचेतून औषधाइतकं मॅग्नेशियम आत जातं, याला भक्कम आधार नाही. जुनाट दुखण्यावर जर्मनीत झालेली एक नीट आखलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, ९९ रुग्णांची. तीत काहींना खऱ्या टाकीत तरंगवलं, काहींना तशाच दिसणाऱ्या पण कमी मिठाच्या टाकीत. तरंगल्यावर थोडा वेळ बरं वाटलं, पण ते दोन्हीकडे, आणि महिन्यांनी टिकलेला फायदा सापडला नाही.

तरीही मी नेऊ नका म्हणत नाही. दुखऱ्या कंबरेवरून तासभर सगळा भार उतरणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही, आणि बाबांना ती कदाचित कित्येक वर्षांत मिळाली नसेल. फक्त त्यांना बरं होण्याचं आश्वासन देऊन नेऊ नका. फिट येत असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल, रक्तदाब खाली जात असेल, उघडी जखम असेल किंवा मनाच्या गंभीर आजाराची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. आणि जागा बघताना विचारा की दोन माणसांच्या मधे पाणी किती वेळ गाळणीतून फिरवतात. सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरी जागा बघा.

खरा धोका उठताना आहे. तासभर आडवं पडल्यावर एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि खारं पाणी सांडलेली फरशी तेलासारखी निसरडी असते. बाबांना आधी बसू द्या, दहा श्वास जाऊ द्या. मग त्यांचा एक हात कडेवर, दुसरा तुमच्या हातात.