मोटरहोमचा पहिला प्रवास

प्रश्न : आम्ही नुकतीच एक वापरलेली मोटरहोम (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) विकत घेतली असून लवकरच पहिल्या लांबच्या प्रवासाला निघणार आहोत. निघण्यापूर्वी काय तपासावे?

उत्तर : सर्वप्रथम वजन पाहावे, कारण नवखे मालक नेमके तेच विसरतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. त्यामुळे १०० लिटरची टाकी काठोकाठ भरली की सामान ठेवण्याआधीच १०० किलोंची भर पडते. सामान, पाणी आणि माणसांसह गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन तो आकडा उत्पादकाने ठरवून दिलेल्या कमाल वजनाशी ताडून पाहावा. जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसांजवळ ठेवाव्यात.

या गाड्या महिनोन्महिने उभ्या राहत असल्याने टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर आतून म्हातारे झालेले असू शकते. टायरच्या कडेवरील चार आकडी संकेतांक वाचावा : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कडेला बारीक भेगा दिसल्यास टायर बदलावेत; येथे काटकसर नको.

गॅसच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे आणि गाडी चालू असताना सिलिंडरची झडप बंद ठेवावी. गाडीची उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी. कमी उंचीच्या पुलापाशी पोहोचल्यावर ती आठवत बसण्यात अर्थ नसतो. शिवाय एक रात्र घराजवळच गाडीत काढावी. गळका नळ किंवा हरवलेली वायर तेव्हाच सापडते.