कर्करोग झालेल्या मुलाचे पुढे काय होणार, हे परिचारिकेने पालकांना सांगावे का?

आजार बरा होण्याची शक्यता प्रथम सांगणे हे डॉक्टरांचेच काम आहे. परंतु त्या वेळी परिचारिका शेजारी असायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे. पुण्यातल्या वॉर्डात बीडहून आलेली आई डॉक्टरांसमोर नुसती मान हलवते आणि रात्री सलाईन बदलताना हळूच विचारते, "सिस्टर, माझं लेकरू वाचंल ना?" अशा वेळी आकडे सांगू नयेत, खोटा धीरही देऊ नये; "डॉक्टरांच्या बोलण्यातून काय समजलं, ताई?" असे जवळ बसून विचारावे आणि तिची शंका सकाळी डॉक्टरांपर्यंत पोहोचवावी. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे, म्हणजे मुलांमधील रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकाराचे, उपचार साधारण 2 ते 3 वर्षे चालतात आणि हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो; म्हणून पालकांना काय सांगितले, हे केसपेपरवर लिहून ठेवावे, म्हणजे रात्रपाळीला वेगळेच काही सांगितले जाणार नाही.