वाचक विचारतात : स्वतः चित्र न काढणाऱ्या ताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळेल का?

प्रश्न : आमचा वारली चित्रं काढणाऱ्या बायकांचा बचतगट आहे. गटाच्या ताई स्वतः चित्रं काढत नाहीत, पण सगळ्यांची पहचान कार्डं (कारागिरांची सरकारी ओळखपत्रं) काढून देणं, व्यापाऱ्याशी भाव करणं, मुंबईला महालक्ष्मी सरस या बचतगटांच्या प्रदर्शनात स्टॉल लावणं, कुरियर, बँक सगळं त्याच बघतात. आम्हाला त्यांचं नाव राष्ट्रीय हस्तशिल्प पुरस्काराला द्यायचं होतं, तर एका माहितगाराने सांगितलं की स्वतः केलेली कलाकृती द्यावी लागेल. मग अशा माणसांसाठी काहीच नाही का?
– एक वाचक, डहाणू तालुका

उत्तर : माहितगार बरोबर बोलला. हा पुरस्कार १९६५ पासून दिला जातो आणि तो हातातल्या कलेला आहे, अर्जासोबत स्वतः घडवलेली वस्तू द्यायची आणि कमिटी ती बघून ठरवते. आता कोणीतरी नक्की सुचवेल की एखादीचं चांगलं चित्र ताईंच्या नावाने पाठवून द्या, कोणाला कळतंय! अजिबात करू नका. उद्या उघडकीला आलं तर ताईंचं नाव जाईल ते जाईल, जिचं चित्र आहे तिचाही हक्क बुडेल.

पण तुमचा मुद्दा मला शंभर टक्के पटला. आपल्याकडे वस्तूला बक्षीस देणं सोपं वाटतं कारण ती टेबलावर ठेवून बघता येते, आणि वीस बायकांचं पेमेंट वेळेवर आणणारी बाई टेबलावर कशी ठेवणार? खरं तर या देशात हस्तकला टिकली त्यात अशा माणसांचा वाटा फार मोठा आहे. कमलादेवी चट्टोपाध्याय घ्या, त्यांची ओळख काही विणकर किंवा कुंभार म्हणून नाही, पण १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तकला मंडळ निघालं तेव्हा त्या अध्यक्ष झाल्या, गावोगाव कारागीर शोधत फिरल्या, आणि १९६६ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं ते 'सामुदायिक नेतृत्व' या गटात. म्हणजे तुम्ही ताईंबद्दल जे सांगताय नेमकं तेच काम, फक्त देशाच्या पातळीवर. (ते मंडळ सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये बंद केलं. मला ते काही पटलेलं नाही, कारागिरांना सरकारदरबारी बोलायला होती ती एक जागाही गेली.)

आणि तुमच्याच भागातलं उदाहरण द्यायचं तर भास्कर कुलकर्णी. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली हे डहाणू-तलासरीत शाळकरी पोरालाही माहीत असेल, पण सत्तरच्या दशकात पाड्यापाड्यांवर फिरून लग्नात भिंतीवर काढायच्या चौकातली ती पांढरी चित्रं कागदावर आणायला ज्यांनी मदत केली त्या कुलकर्णींचं नाव किती जणांना आठवतं? त्याआधी बिहारच्या दुष्काळात हस्तकलेसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकरांनी त्यांनाच मिथिलेत पाठवलं होतं, भिंती रंगवणाऱ्या बायकांना कागद देऊन त्यातून चार पैसे मिळतात का बघायला. त्या बायकांपैकी जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. कुलकर्णी स्वतः चित्रकार होते तरी आयुष्य असं दुसऱ्यांची चित्रं पुढे आणण्यात घातलं आणि ते नाव मागेच राहिलं, म्हणून तुम्ही आत्ताच हा प्रश्न विचारलात ते बरं झालं.

मग करायचं काय? एक रस्ता पद्म पुरस्कारांचा. लांबचा आहे, पण बंद नाही. तिथे कलाकृती मागत नाहीत, काम बघतात. दस्तकार ही संस्था उभी करणाऱ्यांपैकी लैला तय्यबजी यांना २०१२ ची पद्मश्री कारागिरांसोबतच्या कामासाठीच मिळाली. नाव कोणीही सुचवू शकतं, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन, शिफारसपत्रासाठी आमदार-खासदाराच्या मागे फिरायची गरज नाही. शेवटची तारीख दरवर्षी तीच असते असं नाही, त्यामुळे मार्चपासूनच पोर्टल बघत राहा. ताई सरकारी नोकरीत असतील तर मात्र थांबा, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून सरकारी नोकर त्यात बसत नाहीत.

खरी गोम माहिती लिहिण्यात आहे. जास्तीत जास्त ८०० शब्द असतात आणि लोक ते 'तळमळीच्या कार्यकर्त्या, कुशल संघटक, प्रेमळ स्वभाव' असल्या सत्कार समारंभातल्या वाक्यांनी भरून टाकतात, वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. तुम्ही असं लिहा की ताई यायच्या आधी अमुक मापाच्या चित्राला व्यापारी किती टेकवायचा आणि आता किती मिळतात, किती जणींची कार्डं निघाली, कोणाच्या खात्यात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले, वारलीला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यावर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीसाठी ताईंनी कोणाकोणाला मदत केली. गटाच्या वह्या काढा, आकडे त्यातच सापडतील. आणि लिहायला बसाल तेव्हा गटातल्या म्हाताऱ्या बायकांना, धवलेरी (लग्नविधी करणाऱ्या, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बायका) असतील तर त्यांना आधी बोलतं करा, त्यांना जे आठवतं ते वहीत नसतं.

पद्मश्री मिळो न मिळो, गावात सत्कार तर करालच. तर शाल-श्रीफळ ठेवा, पण ताईंना या कामाचं मानधन मिळतं का तेही एकदा बघा. बहुतेक गटांमध्ये सगळ्यांचा हिशोब होतो आणि हिशोब ठेवणारीच फुकटात राबते. प्रत्येक विक्रीतून थोडा हिस्सा ठरवा, ठराव करा, वहीत लिहा.

प्रश्न : आम्ही लाकडी खेळणी करतो. शिल्पगुरू आणि राष्ट्रीय पुरस्कार एकच का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. शिल्पगुरू २००२ पासून सुरू झाला आणि तो वरचा मान आहे, त्यासाठी सहसा आधी राष्ट्रीय किंवा राज्य पुरस्कार घेतलेले ज्येष्ठ कारागीर धरतात. हातमागवाल्यांचा वेगळा, संत कबीर पुरस्कार, तुम्ही लाकडी खेळण्यांचे म्हणजे तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

प्रश्न : आमच्या काकांना पद्मश्री आहे. मुलीच्या लग्नपत्रिकेत नावाआधी 'पद्मश्री' छापायचं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : छापू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय की पद्म पुरस्कार ही पदवी नाही, नावाच्या पुढे-मागे लावायची नाही, लावली तर पुरस्कार परत घेतला जाऊ शकतो. पत्रिका छापायला गेली असेल तर आजच प्रेसवाल्याला फोन करा.