लोकल बंद, नाट्यगृह बंद: मग मन कशात रमवायचं?

"मॅडम, घरात तसं सगळं ठीक आहे. कोणी आजारी नाही, पगार येतोय. पण दिवसभरात बरं वाटावं असं काहीच घडत नाही. आणि रोज माणसं जातायत, अशात मी आनंद शोधत बसणं बरं दिसतं का?"

मे २०२०च्या सुरुवातीला, कोरोनाच्या टाळेबंदीत, डोंबिवलीच्या एका ताईंनी फोनवर विचारलेला हा प्रश्न. त्या वर्षी तो अनेकांनी विचारला. गुडघ्याचं ऑपरेशन, बाळंतपण, घरातलं दुखणं अशा कारणांनी घरात अडकलेली माणसं आजही विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ताई ५७ वर्षांच्या. फोर्टात विमा कार्यालयात नोकरी, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. सकाळची ठरलेली फास्ट लोकल, लेडीज डब्यातला जुना ग्रुप, डब्यातलं हळदीकुंकू, दसऱ्याला डब्याला लावलेलं तोरण, रविवारी सावित्रीबाई फुले नाट्यगृहात नाटक. मार्चमध्ये हे सगळं थांबलं. रोजच्या गर्दीला कंटाळलेल्या या बाईला तीच गाडी आठवून रडू येत होतं, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

अशा वेळी घरचे सल्ला देतात, "काहीतरी छंद लाव, मन आपोआप लागेल." सल्ला प्रेमाचा असतो, पण उतरलेल्या मनाला नवा छंद म्हणजे नवं ओझं. समुपदेशनात आम्ही वेगळ्या टोकाने सुरुवात करतो. पीटर लेविन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात मांडलेला विचार त्यामागे आहे: रोजच्या जगण्यातून मिळणारे छोटे सुखद अनुभव आटले की मन उतरतं, मन उतरलं की माणूस हातपाय हलवत नाही, आणि मग ते अनुभव आणखी आटतात. हे चक्र कृतीकडून तोडणं सोपं जातं. इच्छा होण्याची वाट पाहायची नाही, ठरल्या वेळी छोटी कृती करायची. इच्छा बहुधा नंतर येते.

पहिल्या आठवड्यात ताईंना काहीही बदलायला सांगितलं नाही. फक्त वहीत चार रकाने आखायचे: वेळ, काय केलं, किती बरं वाटलं, आणि हातून काही झाल्यासारखं किती वाटलं. शेवटच्या दोन रकान्यांत ० ते १० आकडा. नोंद तासा-दोन तासांनी, तिथल्या तिथे करायची. रात्री एकदम लिहिली तर ती खोटी ठरते, कारण मन उतरलेलं असताना आठवण चांगले क्षण गाळून टाकते. ताईंनी पहिले दोन दिवस रात्रीच लिहिलं, आणि सगळीकडे १ होता. तिसऱ्या दिवसापासून लगेच लिहू लागल्या, तेव्हा मंगळवारी दुपारी ६ सापडला. काय होतं ते? गाडीतल्या मैत्रिणीचा फोन आला होता आणि बोलता बोलता त्यांनी मेथी निवडली होती. याच वहीत दुसरी गोष्टही दिसली. बातम्यांची वाहिनी साडेतीन तास चालू, आणि त्या प्रत्येक नोंदीपुढे ०.

मग बसलो लोकलचा प्रवास उलगडायला. त्यात नेमकं काय आवडायचं? "सगळंच" हे उत्तर उपयोगाचं नसतं, कारण सगळं परत आणता येत नाही. पुन्हा पुन्हा विचारल्यावर चार गोष्टी निघाल्या: हाताला काम (शेंगा सोलणं, भाजी निवडणं), घरच्यांशी बोलता येत नाही असं बोलणं, कळव्याच्या खाडीवरून गाडी जाताना बाहेर पाहायची सवय, आणि तेवढा वेळ कोणी हाक मारणार नाही याची खात्री. चौथी सांगताना त्या थबकल्या. दोन खोल्यांच्या घरात मुलगा, सून आणि यजमान, सगळे चोवीस तास समोर. हक्काचा एकांत गेला होता, आणि माझ्या मते ताईंचं खरं दुखणं हेच होतं.

त्यामुळे पहिली व्यवस्था एकांताची झाली. दुपारी साडेचार ते पाच ताई गॅलरीत, दार लोटलेलं, कोणी हाक मारायची नाही. हे घरात आधी सांगून ठेवायचं. वैतागून बोललं तर भांडण होतं, म्हणून वाक्य ठरवून दिलं: "साडेचार ते पाच मी गाडीत आहे असं समजा." सुनेला ते लगेच पटलं. यजमानांना चहाची वेळ अर्धा तास पुढे न्यायला चार दिवस लागले.

त्या अर्ध्या तासात आठवड्यातून तीनदा मैत्रिणीचा फोन, हातात निवडायची भाजी, आणि पहिली दहा मिनिटं रुग्णांचे आकडे काढायचे नाहीत. उरलेल्या दिवशी बाहेर बघायचं. गॅलरीतल्या मधुमालतीत लालबुड्या बुलबुलाने घरटं बांधलं होतं. ताईंना ते ठाऊक होतं, पण कधी निरखलं नव्हतं. "पक्षी बघा" एवढं सांगून भागत नाही, बघायला प्रश्न लागतो. म्हणून रोज एकच प्रश्न दिला: आज अंड्यांवर कोण बसलंय, पिल्लांच्या चोचीत काय भरवलं, अर्ध्या तासात किती फेऱ्या झाल्या? अंडी दोन किंवा तीन असतात, साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत उडून जातात. पडद्याआडून पाहायचं, फांदी बाजूला सारायची नाही, सारखं जवळ जाऊन फोटो काढायचे नाहीत. पाण्याचं पसरट भांडं गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, दोन इंचांहून खोल नको. पाणी रोज बदलायचं आणि भांडं घासायचं, नाहीतर त्यात डासांची पैदास होते.

करण्यासारखं काही हवं होतं, त्यासाठी समुद्रमेथी, म्हणजे वाळूत वाढवलेली कोवळी मेथी, निवडली. मुंबईकडे बाजारात हिच्या छोट्या जुड्या मिळतात. घरी ती आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातही होते. तळाला पाच-सहा भोकं, दोन इंच थर (अर्धी वाळू, अर्धी माती), दोन चमचे मेथीदाणे रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणलेले. एकाच थरात पसरायचे, वर पातळ माती, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिडकावा. आठ-दहा दिवसांत दोन-तीन इंच वाढली की कात्रीने कापून, वाळू निघेपर्यंत तीन-चार पाण्यांतून धुऊन, लसूण-मिरचीवर परतायची. दाणे दाट पडले तर बुरशी येते, धार धरून पाणी घातलं तर सगळे एका कोपऱ्यात जमतात, मेच्या पश्चिमेच्या उन्हात डबा तापून कोंब करपतात. ताईंचा पहिला डबा करपला. तरी त्याच दिवशी दुसरा लावला, कारण नुकसान दोन चमचे मेथीचं होतं. अशा वेळी निवडायची गोष्ट अशीच असावी: रोज फरक दिसणारी, थोड्या दिवसांत संपणारी आणि फसली तरी परवडणारी.

तिसऱ्या आठवड्यात आकडे घसरले. सुनेसोबत केक, ऑनलाइन योग, जुन्या साड्यांची उशांची कव्हरं असं करत यादी नऊ गोष्टींवर गेली होती. इतरांचे फोटो पाहून आपलंही काही दिसायला हवं असं त्यांना वाटू लागलं होतं. आम्ही यादी पुन्हा तीनवर आणली. हे जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत घडतं. थोडं बरं वाटलं की माणूस आनंदाचाही अभ्यासक्रम करून टाकतो.

जूनमध्ये खालच्या मजल्यावरचे काका रुग्णालयात गेले आणि ताईंनी सगळंच थांबवलं. "शोभत नाही" एवढंच म्हणाल्या. त्यांच्या पहिल्या प्रश्नातला अर्धा भाग असा परत आला. आमचं उत्तर स्पष्ट होतं: दुसऱ्याचं दुःख वाटून घ्यायला अंगात बळ लागतं आणि सतत बातम्या पाहून ते येत नाही. त्या काकूंना काय हवंय ते विचारलं. त्यांना दोन वेळचा डबा आणि संध्याकाळी एक फोन हवा होता. ताईंनी तेवढं धरलं, काका घरी येईपर्यंत चालवलं, आणि आपला साडेचारचा अर्धा तासही सोडला नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. हे सगळं उतरलेल्या मनासाठी आहे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळपास दिवसभर, कशातच गोडी वाटत नसेल, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर मेथीच्या डब्यावर विसंबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

२१ ऑक्टोबरपासून महिलांना गर्दीच्या वेळा सोडून लोकलने जायची मुभा मिळाली. ताई आठवड्यातून दोनदा ऑफिसला जाऊ लागल्या, पण ग्रुपमधल्या निम्म्या जणी आल्याच नाहीत. २१ डिसेंबरला गुरू आणि शनी आकाशात अगदी चिकटल्यासारखे दिसणार होते. सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, नैर्ऋत्येकडे, क्षितिजाच्या थोडं वर. मैत्रिणींनी आपापल्या गच्चीवरून फोन लावून ते पाहायचं, हे ताईंनीच ठरवलं होतं. त्या आठवड्यात आम्ही वही बंद केली. सलग तीन आठवडे कोणी आठवण करून न देता तिन्ही गोष्टी होत असतील आणि एखादा दिवस चुकला तरी मन कोसळत नसेल, तर आकडे लिहिणं थांबवावं. पुढेही लिहीत राहिलं तर माणूस बुलबुल बघण्याऐवजी त्याला किती गुण द्यायचे याचाच विचार करत बसतो.