कौतुक त्यांचं, बोलणी मला

"मॅडम, सगळं पटतं, पण करायला धजत नाही. मी भित्री आहे का?" हे माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या अनेकजणी विचारतात. कोथरूडमधल्या एका सूनबाईंनीही विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सासरे वारल्यानंतरची पहिली संक्रांत. घरच्या हळदीकुंकवात सासूबाईंनाही कुंकू लावायचं, असं नवरा-बायकोने मिळून ठरवलं. नवरा भावकीत हे बोलला तेव्हा "किती सुधारलेला मुलगा!" असं कौतुक झालं. तेच सूनबाईंनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, तर चुलत सासूबाईंचा फोन आला: "तू आल्यापासून या घराचे रीतिरिवाज बुडाले." जाऊबाईंच्या मनात माहेरी आईसाठी हेच करायचं होतं. हा फोन ऐकून त्या गप्प बसल्या. बोलणी एकीला बसतात, धडा दहाजणी घेतात.

मी म्हटलं, तुम्ही भित्र्या नाही. किंमत कोण मोजणार, हे तुम्हाला बरोबर कळलंय. "धीट व्हा" हा सल्ला मी अशा वेळी देत नाही. फुकटचा असतो तो, आणि देणाऱ्याला काही भोगावं लागत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये काय केलं, ते त्यांना सांगितलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव गावाने केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. एका ठरावाने मनं बदलत नाहीत, हे खरं. पण प्रथा मोडणारी बाई त्यात एकटी उघडी पडत नाही.

मग विचारलं, "सासूबाईंना काय हवंय?" त्या गोंधळल्या. ज्यांना सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागणार होतं, त्यांनाच कुणी विचारलं नव्हतं!

सासूबाईंचं उत्तर आलं: "कुंकू लावा, ओटी नको. आणि बोलावणं मुलाने करावं."

दुसरं आमंत्रण नवऱ्याच्या आणि त्याच्या सख्ख्या आत्याच्या नावाने गेलं. चुलत सासूबाई आल्या नाहीत. दोघी-तिघींनी वाण घेतलं, पण सासूबाईंच्या हातून कुंकू लावून घेतलं नाही. यावेळचे फोन मात्र नवऱ्याला आले. पुढच्या भेटीला तो स्वतः सोबत आला. चांगलाच वैतागला होता: "लोक एवढं बोलतात?"

सूनबाई म्हणाल्या, "हो. आता जाऊबाईंच्या आईचं बघू."