पाडव्याच्या रात्रीचं ते कडं कुणाचं?

प्रश्न : २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आठच्या आत-बाहेर आमच्या डोक्यावरून जळत्या तुकड्यांची एक रांग सावकाश निघून गेली. नंतर कळलं की शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात लोखंडी कडं पडलं. आधी उल्का म्हणाले, मग उपग्रह, मग न्यूझीलंडचं रॉकेट, आणि शेवटी चीनचं. आमचे काका अजूनही म्हणतात, सरकारनं कडं उचललं आणि प्रकरण दाबलं. खरंच काही चौकशी झाली का? आणि रोज बदलणाऱ्या उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा?
– एक वाचक, ब्रह्मपुरी

उत्तर : काकांना माझा नमस्कार सांगा. प्रकरण दाबायचं कुणाच्या मनात असतं, तरी त्याला उशीर झाला होता. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-खरगोनपासून नागपूर-चंद्रपूरपर्यंत लोकांनी तो प्रकाश मोबाइलवर टिपला, आणि पाडव्याच्या शुभेच्छा मागे पडून रात्रभर तेच फिरत राहिलं. मीही आमच्या नागपूरच्या गच्चीवरून पाहिला. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ छातीठोकपणे ‘क्षेपणास्त्र’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला ‘उल्का’ म्हणून समजावलं, तेही तितक्याच छातीठोकपणे.

चौकशी झाली, आणि ती दोन टोकांकडून झाली. जमिनीवरचं टोक म्हणजे सिंदेवाही तालुक्यातलं लाडबोरी. गावात सणाच्या सामूहिक जेवणाची तयारी चालली होती. मोकळ्या जागेत दणकन काहीतरी आदळलं, लोक स्फोटाच्या भीतीनं घरात पळाले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. ते होतं धातूचं कडं, सुमारे ३ मीटर व्यासाचं, ४० किलोच्या घरातलं. पवनपारला अर्धा मीटर व्यासाचा एक गोळा मिळाला, पुढच्या काही दिवसांत आसपास आणखी काही तुकडे मिळाले. महसूल आणि पोलिस खात्यानं वस्तू गोळा केल्या, कडं पोलिस ठाण्यात ठेवलं, आणि आठवडाभरात इस्रोचे शास्त्रज्ञ चंद्रपुरात येऊन पाहणी करून गेले. काका ज्याला ‘उचललं’ म्हणतात ते हेच. न उचलता तसंच पडू दिलं असतं, तर काकांनीच पहिली तक्रार केली असती.

दुसरं टोक आकाशातलं. तिथं पंचनामा नसतो, गणित असतं. उल्का वातावरणात शिरते ती सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगानं, बऱ्याचदा कितीतरी जास्त, आणि सहसा दोन-चार सेकंदांत विझते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते ती सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटरनं, जवळजवळ आडवी. झाबुआ ते सिंदेवाही हवाई अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सव्वा-दीड मिनिटाचा प्रवास. तुम्ही ‘सावकाश’ लिहिलंत, ‘रांग’ लिहिलंत. तुमच्या पत्रातल्या या दोन शब्दांनीच उल्केचा निकाल लागतो.

मग उरतो प्रश्न, कुणाची वस्तू? त्याच संध्याकाळी न्यूझीलंडच्या माहियाहून ‘इलेक्ट्रॉन’ रॉकेट उडालं होतं. वेळ जुळतेय असं वाटून इथल्या काही अभ्यासकांनी त्याचं नाव घेतलं. वाटणं साहजिक होतं, पण कडं त्याच्या मापाचं नव्हतं. इलेक्ट्रॉनची जाडी सव्वा मीटरसुद्धा नाही; त्यातून ३ मीटरचं कडं निघणार कसं? हार्वर्ड-स्मिथसोनियनचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी दुसरीकडे बोट दाखवलं: फेब्रुवारी २०२१ मध्ये चीननं सोडलेल्या ‘चांग झेंग ३-बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा. उपग्रह वर पोहोचवून तो वर्षभर लांबुळक्या कक्षेत घिरट्या घालत, हळूहळू खाली येत होता, आणि नेमका त्याच सुमारास त्याचा वातावरणात प्रवेश अपेक्षित होता. वाट वायव्येकडून आग्नेयेकडे, म्हणजे आपण पाहिली तीच. आणि या तिसऱ्या टप्प्याचा व्यास? ३ मीटर. लाडबोरीच्या कड्यासमोर हा आकडा ठेवला की मला तरी आणखी साक्षीदाराची गरज वाटत नाही.

उत्तर बदललं म्हणून तुम्ही रागावलात. मला उलट राग येतो तो पहिल्या तासात ठाम उत्तर देणाऱ्यांचा. त्या तासाला कडं अजून कुणी मोजलेलंही नव्हतं.

आधी इशारा का मिळाला नाही, हेही तुमच्या मनात असेलच. असे रिकामे टप्पे कुणाच्या ताब्यात नसतात. वरच्या विरळ हवेची घनता सूर्याच्या लहरीनुसार कमी-जास्त होते, त्यामुळे पडण्याची वेळ पुढे-मागे सरकते. दहा मिनिटांची चूक म्हणजे जमिनीवर साडेचार हजार किलोमीटरची चूक. एवढ्या टापूत दवंडी पिटायची कुणी आणि कुठे?

प्रश्न : गोळा एवढ्या आगीतून शाबूत कसा आला? आणि असं काही आमच्या शेतात सापडलं तर ठेवून घेता येतं का? भंगारवाला चांगला भाव देईल, असं मुलगा म्हणतो.
– एक शेतकरी, नागभीड तालुका

उत्तर : मुलगा व्यवहारी आहे, पण त्याला थांबवा.

रॉकेटमध्ये इंधन दाबानं पुढे ढकलायला हेलियमसारखा वायू गोल टाक्यांत भरलेला असतो. त्या टाक्या बऱ्याचदा टायटॅनियमच्या असतात किंवा त्यांच्यावर कार्बनच्या धाग्यांचं वेष्टन असतं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, टायटॅनियम १,६०० अंशांच्याही वर. शिवाय गोळा आतून पोकळ, आकारमानानं हलका. त्यामुळे त्याचा वेग उंचावरच मोडतो. बाकीचं रॉकेट जळून जातं आणि गोळे तेवढे शेतात येतात.

मालकीचं म्हणाल तर १९६७ च्या अवकाश करारानुसार वस्तू ज्या देशाच्या नावे नोंदलेली, त्याचीच राहते. ती आकाशात असो की तुमच्या बांधावर. १९६८ च्या करारात ती सापडल्याचं कळवण्याची आणि मागणी आली तर परत करण्याची तरतूद आहे. नुकसान झालं तर १९७२ चा करार आहे: जमिनीवर हानी झाली की सोडणाऱ्या देशाची चूक सिद्ध करावी लागत नाही, भरपाई द्यावीच लागते. मात्र दावा सरकारनं सरकारवर करायचा असतो. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर लागलेलं मोठं नळकांडं आपल्या इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचं निघालं.

हात का लावायचा नाही, तर काही टाक्यांत हायड्राझिन हे विषारी इंधन असतं आणि चिमूटभर अवशेषही बाधतो. दाबातला वायू शिल्लक असेल तर तो धोका वेगळा. गुरं लांब बांधा, पोरांना जवळ जाऊ देऊ नका, ११२ ला फोन करा, तहसीलदारांना कळवा. फोटो काढायचाच तर शेजारी काठी ठेवून काढा, लांबून. त्यानं माप कळतं.

प्रश्न : परवा पहाटे वीस-पंचवीस दिवे एका सरळ रेषेत जाताना दिसले. आवाज नाही, धूर नाही. हेही कुणाचं पडत होतं का?
– एक वाचक, लांजा

उत्तर : नाही, हे चढत होतं. इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले उपग्रह असे ओळीनं जातात आणि काही दिवसांत आपापल्या जागी पांगतात. खाली अंधार आणि वर ऊन, अशा पहाटे किंवा सांजवेळीच ते चमकतात.

आकाशात काहीही दिसलं आणि मला लिहायचं असेल, तर घड्याळातली वेळ मिनिटासकट, कुठल्या दिशेकडून कुठे गेलं, आणि किती सेकंद दिसलं, एवढं लिहा. हात लांब करून मूठ धरली तर क्षितिजापासून किती मुठी वर होतं, तेही. ‘लई मोठं होतं, सर’ अशी पत्रं माझ्याकडे पुष्कळ आहेत. त्यांचं मी काही करू शकत नाही.